रिकाम्या खोलीतले भाऊ

आमच्या इमारतीत एक माणूस असा होता, की तो खोलीत बसलेला असताना खोलीतला दिवा आपोआप विझायचा. हा किस्सा मी आजवर लग्नाच्या पंगतीत, प्रवासात, साहेब लोकांसमोर कितीतरी वेळा सांगितला आहे. लोक हसतात. मीही हसायचो. दिवा विझण्यापाशीच मी किस्सा थांबवत असे, म्हणून ते जमायचं. आज पुढचं सांगतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नवी सरकारी इमारत झाली होती. गावाचं नाव घेत नाही. तिथल्या कुणाचं उणं काढायचं नाही, काढायचं ते माझंच आहे. चार-पाच कार्यालयं एका छपराखाली आली आणि इमारतीच्या विजेचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी सांगलीकडचा. बदलीचा हुकूम निघाला तेव्हा मित्रांनी सांत्वन करायला फोन केले होते. तिथं पोचल्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं, की असं काहीतरी काम करून दाखवायचं जे वर कुणाच्या तरी नजरेत भरेल आणि परतीची बदली मिळेल.

ते काम म्हणजे सेन्सर. छताला चिकटवलेली वाटीएवढी पांढरी डबी. माणसाच्या अंगाची ऊब हलली की तिला कळतं आणि ती दिवा-पंखा लावते. दहा मिनिटं काही हललं नाही, की खोली रिकामी समजून सगळं बंद करते. त्याआधी आमच्याकडे साहेब दौऱ्यावर आणि एसी रिकाम्या खुर्चीला गारवा देतोय, हा प्रकार रोजचा होता. मे महिन्यात तिथं भिंतीला हात टेकला तरी चटका बसतो. अशात सभागृह सकाळपासून गार करून ठेवायचं आणि दुपारी निरोप यायचा की सभा रद्द. सेन्सर आले आणि हे थांबलं. माणसं आली की गारवा सुरू, गेली की बंद. बिल उतरलं. शिवाय कुठली खोली दिवसात किती वेळ वापरात होती, याचा तक्ता दर महिन्याला माझ्या संगणकावर तयार व्हायला लागला. त्या तक्त्याचा मला कोण अभिमान. यंत्र चांगलं होतं, हे मी आजही म्हणतो.

कर्मचाऱ्यांनी आठवड्याभरात त्यावर तोड काढली. एका लिपिकानं टेबलफॅनला ओला रुमाल बांधून ठेवला. फॅन मान फिरवायचा, रुमाल फडफडायचा, आणि हे महाशय टपरीवर चहा पीत असताना सेन्सरच्या लेखी दिवसभर जागेवर असायचे. मला ते कळलं तेव्हा रागापेक्षा कौतुकच जास्त वाटलं.

आणि तळमजल्याच्या टोकाला, अभिलेख कक्ष अशी पाटी लावलेल्या खोलीत, याच्या बरोबर उलट माणूस होता. ते भाऊ.

भाऊंची आणि माझी पहिली भेट मी शिडीवर असताना झाली. वायरिंग तपासायला म्हणून त्या खोलीत गेलो, तर आत अंधार. दार उघडलं तसा दिवा लागला. रॅकच्या रांगा, लाल कापडात बांधलेले जुन्या कागदांचे बस्ते, कुणी नाही. मी शिडी लावली, वर चढलो, आणि शीळ घालत डबी उघडली. तेवढ्यात खालून सावकाश आवाज आला, "साहेब, शिडीचा डावा पाय लटपटून राह्यला."

मी पडता पडता वाचलो. खिडकीशी लोखंडी खुर्चीवर, मांडीवर रजिस्टर घेऊन एक काटकुळा माणूस बसला होता. डोक्याला दुपट्टा, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. मी त्याच्या समोरून दोनदा गेलो होतो.

"कधीपासून बसलाय तुम्ही इथं?" मी विचारलं.

"जेवन झाल्यापासून."

"मग दिवा गेला तेव्हा हात तरी हलवायचा. पंखा पण बंद, उकाडा केवढा आहे."

"काऊन हलवाचा? खिडकीतून अक्षर दिसून राह्यलं ना."

भाऊ मूळचे वनरक्षक. पाणवठ्यावर जनावरं मोजायला मचाणावर बसण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. चितळ पाणी पिऊन जाईपर्यंत पापणी हलवायची नाही, डास चावला तर चावू द्यायचा, खोकला आला तर गिळायचा. एकदाच चुकले. तेंदूच्या झुडपात अस्वलीण पिलांसह समोर आली आणि भाऊ मागं सरले. उजव्या पायाची पोटरी गेली. ती गोष्ट ते दोन वाक्यांत सांगायचे. "त्या दिवशी मी हललो साहेब. नाईतं ते चालली जात होती." मग पाय ओढत चालणाऱ्या माणसाला जंगलात काय काम, म्हणून त्यांना कागदांवर बसवलं. कागदोपत्री त्यांची खुर्ची वरच्या मजल्यावर होती. तिथं ते पगाराच्या सहीपुरते जायचे.

त्यांच्या या न हलण्यापायी इमारतीत गमती व्हायच्या. अंधार म्हणजे खोली रिकामी, असा सगळ्यांचा समज. दोन लिपिक एकदा आत शिरले आणि दाराशीच उभे राहून साहेबांची यथेच्छ निंदा करू लागले. बराच वेळ ऐकून घेऊन खिडकीकडून भाऊ म्हणाले, "तितके खराब नाईत ते." त्यातला एक तर पुढे आठवडाभर त्या बाजूला फिरकला नाही.

मी मात्र दुसऱ्याच दिवशी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. दहा मिनिटांची मुदत तीस मिनिटांवर नेणं हे एक स्क्रू फिरवण्याचं काम. बसलेल्या माणसासाठी जास्त नाजूक सेन्सर येतात, तेही मला ठाऊक होतं. भाऊंनी मला शिडीच लावू दिली नाही.

"राहू द्या साहेब. त्याच्यात मजा हाये."

"कसली मजा?"

"वरचे लोकं मले पाहूनसन्या पाहात नाई. त्याचं काय करता? पन याच्यापासून तं मी सोता लपून राह्यलो."

हे ते हसत म्हणाले. मीही हसलो. त्या हसण्याखाली काय होतं ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी लक्ष देत नव्हतो.

पुढे तर पैजच लागली. दारापासून खिडकीपर्यंत खोली आडवी चालून जायची आणि दिवा लागू द्यायचा नाही. आम्ही सगळे दाराच्या काचेला नाकं लावून उभे. भाऊंनी चपला काढल्या. एक पाय उचलला, तो खाली टेकायला इतका वेळ घेतला, की कुणीतरी मागच्या मागे चहा पिऊन आलं. दुखरा पाय ते ओढत नव्हते, जपून आणत होते. चितळाच्या कळपाकडे जावं तसे ते गेले. अर्ध्या तासानं खुर्चीवर बसले. दिवा लागला नाही. आम्ही टाळ्या वाजवत आत घुसलो आणि आमच्यामुळे लख्ख उजेड पडला. भाऊंच्या चेहऱ्यावर घाम आणि असा आनंद, की मी तसा आनंद त्या इमारतीत दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिला नाही. त्यानंतर सेन्सर बदलायचा विषय मी काढला नाही. माझ्या किस्स्याला तेवढंच पुरत होतं.

भाऊंच्या खोलीला यादी नव्हती. क्रमांक नव्हते. असल्या खोलीत शिरलं की नवा माणूस डोक्याला हात लावायचा. पण भाऊंनी बस्ते रचले होते ते जंगल रचावं तसे. उत्तरेच्या भिंतीला उत्तरेची गावं, खिडकीकडे नदीकाठची. मधल्या बोळीला ते नाला म्हणायचे. नाल्याच्या अल्याड जी गावं आहेत त्यांचे बस्ते अल्याडच्या रॅकवर, पल्याडचे पल्याड. कोणी जुना कागद मागितला, की भाऊ डोळे मिटून त्या गावाला पायी निघायचे. "हे टेकडी झाली, मंग मोहाची झाडं, मंग उजव्या हाताले रस्ता फुटते," असं पुटपुटत रॅकांमधून चालायचे आणि हात नेमका बस्त्यावर पडायचा. मी एकदा म्हटलं, "भाऊ, एक यादी करून ठेवा. तुम्ही निवृत्त झाल्यावर काय?"

"जंगलाची यादी राहाते का साहेब? वाट राहाते. कोनी आला तं वाट दाखवून देईन."

कोणी आला नाही. जागा रिकामी होती, भरती नव्हती.

त्यांच्याकडे येणारी माणसं म्हणजे जमिनीचे कागद शोधणारी. गोंडी बोलणारा आला तर भाऊ गोंडीत बोलायचे, तेवढ्यानंच त्याचा अर्धा जीव भांड्यात पडायचा. त्यांतच एक बाई यायची. नवरा वारलेला, एक मुलगा, नाल्यापल्याडच्या गावात धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर. जमीन वनखात्याच्या नावावर, कसत आलेलं हे घर. पट्टा मिळावा म्हणून तिनं वनहक्काचा दावा टाकला होता. आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्यांचा पुरावा लागतो, आणि तिच्याजवळ सासऱ्याच्या मागचा एकही कागद नव्हता. दावा परत आला. आणखी एक सुनावणी मिळाली, शेवटची.

भाऊंनी तिचं आडनाव, गाव ऐकलं आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या आजेसासऱ्याचं नाव मी पाह्यलं हाये बाई. दंडाच्या रजिस्टरात. जंगलात नांगर घातला म्हनून दंड केला होता त्याले."

सरकारनं त्या म्हाताऱ्याला चोर म्हणून लिहून ठेवलं होतं, आणि आता तेच लिहिणं त्याच्या नातसुनेच्या कामाचं होतं. बाई तिथंच खाली बसली.

"भेटन का भाऊ?"

"भेटते. बस्ते बांधताना या डोळ्यानं पाह्यलं. थोडा टाइम लागन, पानं चिकटली हायेत. पन भेटते."

भाऊंनी शब्द दिल्याचं मी ऐकलं ते हे एकदाच. तेव्हापासून ते नाल्यापल्याडचे बस्ते एकेक करून खिडकीशी नेऊ लागले. चिकटलेली पानं ब्लेडनं सुटी करायची, फिकट अक्षरावर बोट ठेवायचं, पुढचं पान. दिवसदिवस ती मूर्ती हलत नसे. दर बाजाराला बाई येऊन दाराशी उभी राहायची. भाऊ मान हलवायचे, नाही म्हणून, आणि ती जायची. एकदा मला म्हणाले, "आता पाच-सहा बस्ते राह्यले साहेब. त्याच्यातच हाये."

त्याच सुमारास नवे साहेब आले. हुशार, तरतरीत, कामाचा धडाका असलेले. त्यांना मोठ्या पडद्यावर सभा घ्यायला हॉल हवा होता. त्यांनी माझा तक्ता मागवला आणि तो बघून ते खरोखरच खूश झाले. असा तक्ता दुसऱ्या कुठल्या कार्यालयात नाही, वर पाठवू या, तुमचं नाव घालून पाठवू, म्हणाले. मी उभ्या उभ्या सांगलीला पोचलो होतो.

मग त्यांचं बोट तळमजल्यावर आलं.

"ही एवढी मोठी खोली, आणि वापर एवढाच?"

"सर, जुनं रेकॉर्ड आहे तिथं."

"रेकॉर्ड शेडमध्येही राहील. माणूस बसतो का कुणी?"

इथं मला थांबायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. सर, माणूस बसतो, पण तो हलत नाही, आणि आपल्या सेन्सरला न हलणारा माणूस दिसत नाही. हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं. पण ते उच्चारलं असतं तर तक्ता खोटा पडत होता. एक खोली खोटी म्हटली की साहेब दुसरीबद्दल विचारणार, मग रुमाल बांधलेल्या टेबलफॅनपर्यंत पोचणार. मी म्हणालो, "तक्त्यात तरी तसं दिसत नाही, सर."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तक्त्याखाली मी सही केली.

खोली खाली करण्याचा कागद दारावर लागला, सोबत माझा तक्ता जोडून. भाऊ तो वाचत उभे होते. मी पाय उचलून चाललो होतो, त्यांनी हाक मारली.

"साहेब, म्हंजे त्याले मी खरंच नाई दिसलो? एक डाव बी नाई?"

"कधीमधी दिसलात. उठून रॅकपर्यंत जायचात तेव्हा. शिपाई येऊन गेल्यासारखं."

त्यांनी तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. "सही तुमचीच हाये ना?"

"हो."

"मंग ठीक हाये," म्हणाले, आणि आत गेले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

ट्रॉली घेऊन मजूर आले त्या दिवशी भाऊ खुर्चीतच होते. पहिला मजूर दार उघडून आत गेला आणि ओरडला, "अरे, इथी तं बुढा बसला हाये." मुकादम म्हणाला, खोली खाली आहे असं सांगितलं होतं. भाऊंनी वाद घातला नाही. ते फक्त सांगत होते, "नाल्याच्या अंगानं उचला रे बाबू, सरमिसळ नोका करू. अल्याडचं अल्याड ठेवा." पोरांना नाला कुठला दिसणार? त्यांना खेपा संपवायच्या होत्या. बस्ते पोत्यात कोंबले, पोती ट्रॉलीत फेकली. कापडं सुटली, कागद एकमेकांत गेले. दुपारच्या जेवणाआधी खोली रिकामी झाली होती.

पोती गावाबाहेरच्या जुन्या धानाच्या गोदामात गेली. त्यात इतर खात्यांचीही रद्दी होती. भाऊ रोज तिथं जायचे. खिडकी नाही, म्हणून पोतं ओढत दाराच्या उजेडात आणायचं, उपसायचं, वाचायचं, परत भरायचं. तो पाय घेऊन. मी एक दिवस तिथं साधा बल्ब लावून दिला, साध्या बटणाचा. एवढंच केलं. साहेबांकडे जाऊन बोलायचं रोज सकाळी ठरवायचो आणि संध्याकाळपर्यंत ठरवतच राहायचो. एकदा भाऊंना विचारलं, काही लागतंय का हाताला. म्हणाले, "वाट मोडली साहेब. कोनतं गाव कुठी गेलं, काई समजून नाई राह्यलं."

सुनावणी झाली. पुरावा नाही म्हणून दावा नामंजूर झाला.

बाई गोदामावर आली तेव्हा मी तिथंच होतो, बल्बचा होल्डर सैल झाला होता तो बघत. ती रडत नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला निकालाचा कागद तिनं छातीशी धरला होता.

"भाऊ, तुमी नाव पाह्यलं म्हन्लं होतं ना?"

"पाह्यलं होतं बाई."

"मंग कुठी गेलं?"

भाऊ पोत्यावर बसून होते.

"पाह्यलं नसन तं नाई म्हनाचं होतं. मी का भांडली असती तुमच्यासंगं? पोरगा मिरची तोडाले तेलंगनात जातो म्हने. मी रोखून धरलं त्याले. म्हन्लं, थांब, भाऊनं सांगतलं हाये, पट्टा भेटते. आता काय सांगू त्याले? भाऊ खोटे बोलले म्हनू?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनंतीनं नाही, नुसतं पाहिलं. माझ्या हातात टेस्टर होता. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि तिला म्हणाले, "म्हना, बाई."

ती वळली आणि रस्त्याला लागली. तिला गाठणं म्हणजे पन्नास पावलांचं काम होतं. बाई, भाऊ खरं बोलत होते, खोली माझ्या कागदानं गेली, एवढंच सांगायचं होतं. मी होल्डर घट्ट करत राहिलो.

भाऊ त्याच वर्षी निवृत्त झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात वारले. मला शाबासकीचं पत्र मिळालं, मग बदलीही मिळाली. त्या बाईचा मुलगा मिरची तोडायला गेला, हे मला निघायच्या आधी कळलं होतं. ती बाई त्याच गावात आहे. तिच्या लेखी भाऊंनी तिला फसवलं. फसवलं नव्हतं, हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे. तिचा पत्ता मी दाव्याच्या कागदावरून उतरून घेतला होता, तो माझ्याजवळ आहे. मी तिला अजून पत्र लिहिलेलं नाही.